शाळेतला समुपदेशक कसा तयार होतो?

शाळा सुटते. घंटेचा शेवटचा टोल पडायच्या आत मुले दप्तरे सावरीत दाराकडे धावतात. एखादे पोर मात्र मागे रेंगाळते. न सांगता फळा पुसते, खिडक्या लावते, उगीच बाक सरळ करीत बसते. गुरुजी, बाई, हे पोर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्याला काहीतरी बोलायचे असते. आपल्याला सहाची एस.टी. गाठायची असते. "काय रे, घरी नाही जायचं?" असे आपण विचारतो आणि "काही नाही सर" म्हणून ते निघून जाते.

अशा पोराशी कसे बोलावे याचे रीतसर शिक्षण मिळते, त्याची पदविका मिळते, आणि असा शिकलेला माणूस शाळेत असावा असे आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. त्या माणसाला समुपदेशक म्हणतात. नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ शिक्षकांना हे शिक्षण घ्यावेसे वाटते. पण ते कुठे मिळते, किती दिवस लागतात, कोणता दाखला कामाचा आणि कोणता नुसता भिंतीवर टांगायचा, हे एका जागी कुणी सांगत नाही. ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम या शब्दाविषयी थोडे. 'समुपदेशन' हा शब्द ज्यांनी घडविला त्यांनी त्यात 'उपदेश' तसाच ठेवला, आणि सारा घोटाळा तिथेच झाला, असे मला वाटते. आपल्याकडे उपदेशाला काय तोटा? पारावर मिळतो, सप्त्यात मिळतो, मामाच्या घरी तर न मागता मिळतो. समुपदेशकाचे काम नेमके याच्या उलट आहे. तो आधी ऐकतो, पुष्कळ वेळ ऐकतो, आणि सल्ला देण्याची घाई करीत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, मुखेड तालुक्यातला एक मुलगा दहावीला चांगले गुण मिळवून अकरावीसाठी लातूरला आला आहे. वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन, तीत सोयाबीन. पोराने डॉक्टर व्हावे म्हणून घरच्यांनी शिकवणीची फी भरली, खोली पाहून दिली, खानावळ लावून दिली. दिवाळीनंतर त्याचे गुण घसरू लागले. खोलीच्या मालकीणबाईंनी त्याच्या आईला फोन केला, "ताई, पोरगं जेवंना झालंय, कुणाशी बोलंना झालंय." आणि एके दिवशी तो आपल्यासमोर येऊन म्हणाला, "सर, गावाकडं जावंसं वाटायलंय."

आपण काय म्हणू? बहुतेक आपण म्हणू, "अरे, बाप तिकडं उन्हात राबतोय आणि तू पळून जातोस? एवढी दोन वर्षं काढ, मग आयुष्यभर आराम आहे." यातले एकही वाक्य वाईट हेतूने बोललेले नाही. पण प्रत्येक वाक्याबरोबर मुलाच्या मनाचे दार थोडे थोडे लागत जाते. शेवटी तो "बरं सर" म्हणतो आणि आपल्याला वाटते, पोराला पटले.

शिकलेला समुपदेशक एवढेच म्हणेल, "गावाकडं जावंसं वाटतंय. कधीपासून?" आणि गप्प बसेल. हे गप्प बसणे वाटते तितके सोपे नाही, बरे का. ते शिकावे लागते, त्याचा सराव करावा लागतो. आपण शिक्षक माणसे. समोरचा अर्धे मिनिट बोलला नाही तर उत्तर आपणच सांगून मोकळे होतो. समुपदेशक ते अर्धे मिनिट जाऊ देतो. मग मुलगा हळूहळू बोलू लागतो. सोयाबीनला भाव नाही म्हणून वडिलांनी माल घरातच ठेवला आहे. खानावळीचे दोन महिने थकले आहेत. खानावळवाले काका बोलले काहीच नाहीत, पण त्यांच्या नजरेला नजर द्यायची लाज वाटते, म्हणून हा रात्री जेवायला जातच नाही. पोटात अन्न नाही, म्हणून झोप नाही. झोप नाही, म्हणून सकाळच्या तासाला डोळे मिटतात. भौतिकशास्त्र त्याला जड जातच नव्हते; जड जात होती ती खानावळीची पायरी.

हे कळल्यावर करावयाचे काम लहानसे असते. मुलाची परवानगी घेऊन खानावळवाल्याशी बोलणे, घरी एक फोन करणे, महाविद्यालयात काही मदत मिळते का ते पाहणे. पैशाचा प्रश्न गोड बोलण्याने सुटत नाही, हेही समुपदेशकाला ठाऊक असावे लागते. आणि इतके करूनही तीन आठवड्यांनी मुलगा तसाच उदास, अबोल राहिला, तर त्याला मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवायचे, हेही.

हा विचार आपल्या राज्यात नवा नाही. मुंबई सरकारने १९५० साली मुंबईत व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले. पुढे व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था या नावाने ते ओळखले जाऊ लागले, आणि शिक्षकांना वर्षभराची पदविका देण्याचे काम या संस्थेने दीर्घकाळ केले. जुन्या शिक्षकांना 'करिअर मास्तर' हा शब्द आठवत असेल; तो याच परंपरेतला. अर्थात १९५० साली आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात आपण आलो ते १९५६ साली. म्हणजे ही गाडी आपल्या स्टेशनवर जरा उशिरानेच लागली. माध्यमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये शाळांतून मार्गदर्शन असावे असे सुचविले. त्यानंतर १९६४ ते ६६ मध्ये कोठारी आयोगाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. प्रत्येक शाळेला समुपदेशक परवडणार नाही, तर निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा. कंधार किंवा अहमदपूरसारख्या तालुक्यासाठी यापेक्षा योग्य कल्पना मला आजही दिसत नाही. ती बव्हंशी कागदावर राहिली, हे आपणास माहीतच आहे.

आपल्या भागाला मनाच्या जखमेची पहिली मोठी ओळख शाळेने करून दिली नाही. ती करून दिली भूकंपाने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. जी मुले वाचली, त्यांना घरे बांधून देणे हा कामाचा एक भाग होता. रात्री दचकून उठणाऱ्या मुलाजवळ बसणे हा दुसरा. त्या काळात अनेक स्वयंसेवी संस्था इकडे आल्या. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यातल्या हराळीला शाळा उभी केली, ती आजही चालू आहे. ही प्रबोधिनी १९६२ साली स्थापन करणारे आप्पा पेंडसे हे स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते, हे इथे सांगण्यासारखे आहे.

आता दाखल्याकडे वळू.

डॉक्टर होण्यासाठी जशी परिषदेकडे नोंदणी लागते, तशी शाळेतल्या समुपदेशकासाठी सर्वांना लागू असलेली एकच सनद आपल्या देशात आजवर रुळलेली नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे मनाच्या आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, याला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ती परिषद १९९२ च्या कायद्याने बांधलेली आहे. समुपदेशकांना २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात जागा दिलेली आहे. पण शाळेच्या दारात उभे राहिल्यावर आज विचारले जाते ते एवढेच : मानसशास्त्राची पदवी आहे का, आणि मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका आहे का?

सेवेतल्या शिक्षकाला सर्वांत सोयीची वाट राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे आपण जिला एनसीईआरटी म्हणतो तिची. ही परिषद मार्गदर्शन व समुपदेशनाची एक वर्षाची पदविका चालविते. या वर्षाचे तीन भाग असतात. पहिले सहा महिने घरी राहून अभ्यास, पुढचे तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष शिक्षण, आणि शेवटचे तीन महिने आपल्याच गावाकडे एखाद्या शाळेत प्रत्यक्ष काम. महाराष्ट्र येतो तो भोपाळच्या क्षेत्रीय शिक्षा संस्थानाच्या पट्ट्यात. नांदेडकरांना भोपाळ परके नाही. सचखंड एक्स्प्रेस तिथूनच अमृतसरला जाते. बी.एड. झालेल्या शिक्षकाला तर हा मार्ग मोकळा आहेच, पण मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, बालविकास अशा विषयांत एम.ए. झालेल्यांनाही अर्ज करता येतो. प्रवेशाची जाहिरात परिषदेच्या संकेतस्थळावर येते, तिच्यावर नजर ठेवावी. इंग्रजी वाचनाची थोडी तयारी आधीपासून करावी. मराठी माध्यमातल्या शिक्षकाला पहिला महिना त्यापायीच जड जातो.

खरी अडचण मधल्या तीन महिन्यांची असते. शाळेने सोडले पाहिजे ना! त्यासाठी मुख्याध्यापक, संस्थाचालक किंवा गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे अर्ज लवकर द्यावा, आणि त्यात "मला पदविका करावयाची आहे" एवढेच न लिहिता, परत आल्यावर शाळेसाठी काय करणार हेही लिहावे. आठवड्यातून दोन दिवस, शेवटच्या तासाला, अमुक इयत्तेच्या मुलांसाठी. अशा अर्जावर निदान विचार होतो.

दुसरी वाट मानसशास्त्रात एम.ए. करण्याची, दोन वर्षांची, आणि जास्त खोल नेणारी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या प्रदेशात, म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत, मानसशास्त्र शिकविणारी महाविद्यालये आहेत. इथे एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ शिक्षक घरी बसून, पत्रद्वारा एम.ए. करण्याचा बेत करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेल्या काही विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन नवे प्रवेश बंद केले आहेत. तेव्हा कुणी "घरबसल्या मानसशास्त्राची पदवी" म्हणून पैसे मागू लागला, तर आधी आयोगाची यादी पाहा, मग खिशात हात घाला.

आणि ती सात दिवसांची, एकवीस दिवसांची प्रमाणपत्रे? त्यांतली काही चांगल्या माणसांनी घेतलेली असतात, त्यांतून कान तयार होतो, हे मी नाकारत नाही. पण ते समुपदेशक होणे नव्हे. कोणत्याही अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : "मी प्रत्यक्ष मुलांबरोबर किती तास बसणार, आणि माझे काम कोण पाहणार?" याचे उत्तर गुळमुळीत आले की उठून यावे. पोहायला शिकविणारा जसा विहिरीच्या काठावर उभा असावा लागतो, तसेच हे काम शिकणाऱ्याच्या मागे कुणीतरी अनुभवी उभा लागतो. चुकले कुठे, घाई झाली कुठे, आपल्याच घरचे दुःख मुलाच्या बोलण्यात कुठे मिसळले, हे तोच दाखवितो.

या अभ्यासक्रमांत शिकवितात काय? मुलाची वाढ कशी होते, किशोरवयात काय काय घडते, बोलते कसे करावे, गटात मार्गदर्शन कसे करावे, कोणत्या शिक्षणातून कोणता व्यवसाय मिळतो, आणि चाचण्या कशा घ्याव्यात व कशा वाचाव्यात. चाचण्यांविषयी जरा थांबून सांगतो. २०१६ पासून काही वर्षे आपल्या राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी घेण्यात आली. हेतू चांगला होता. पण निकालाचा कागद हाती आल्यावर गावोगाव काय झाले? "याचा कल कलेकडं निघाला" असे म्हणून बाप कपाळाला हात लावून बसला, नाही तर "कल विज्ञानाकडं आलाय, आता माघार नाही" म्हणून मुलीला तिकडे ढकलले. आवड निराळी, कुवत निराळी, आणि घरची परिस्थिती आणखी निराळी. चाचणीचा कागद या तिन्हींची सांगड घालून देत नाही. ती घालायला माणूस लागतो. तो माणूस नसेल तर चाचणीचे भविष्य होते.

शिकून नोकरी कुठे मिळेल, हा प्रश्न रास्त आहे. खरे सांगायचे तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकासारखे समुपदेशकाचे स्वतंत्र पद सर्रास आढळत नाही. तिथे आपण शिक्षक राहूनच हे काम करणार. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, संलग्नतेच्या नियमांत मात्र समुपदेशकाची तरतूद आहे, आणि केंद्रीय विद्यालयांत कंत्राटी नेमणुका होतात. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनी हा प्रश्न आणखी पुढे नेला आहे. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा; लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा; गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत; त्यांना चारचौघांत लज्जित करू नये, असे त्यात सांगितले आहे. शिकवणीवर्ग आणि वसतिगृहेही यातून सुटलेली नाहीत. लातूरला याचा अर्थ काय होतो, हे लातूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. बारावीच्या निकालांनी 'लातूर पॅटर्न' हे नाव राज्यभर गाजले आणि तेव्हापासून बाहेरगावची मुले येतच आहेत. त्यांच्यासाठी खोल्या झाल्या, खानावळी झाल्या, अभ्यासिका झाल्या. ऐकणारा माणूस मात्र त्या मानाने थोडाच.

आता या कामातली सर्वांत अवघड बाजू. मुलाने सांगितलेले कुणाला सांगायचे नाही, हा समुपदेशनाचा पाया. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर "अहो, त्या अमक्याच्या घरी काय चाललंय माहीत आहे का?" एवढे एक वाक्य निघाले, की त्या शाळेत पुन्हा कुणी मूल तोंड उघडत नाही. गाव लहान, नाती जवळची. ही गोष्ट शहरापेक्षा आपल्याकडे कितीतरी कठीण आहे. पण या पायालाही मर्यादा आहे, आणि ती मुलाला पहिल्याच दिवशी सांगावी : "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्याशी कुणी वाईट वागत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल. आणि बोलवताना मी तुला सांगून बोलवीन." मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तिथे "गावाची अब्रू" म्हणून गप्प बसता येत नाही. गप्प बसणे हाच गुन्हा ठरतो.

आणखी एक पेच शिक्षक-समुपदेशकाचाच. सकाळी ज्याने पेपर तपासून लाल शाईने बारा गुण दिले, त्याच्याकडे दुपारी मूल मन मोकळे करायला कसे येईल? शक्य असेल तर ज्या वर्गाला आपण शिकवितो त्या वर्गाची मुले शेजारच्या शाळेतल्या शिकलेल्या सहकाऱ्याकडे पाठवावीत आणि त्याची आपण घ्यावीत. कोठारी आयोगाच्या दहा शाळा राहू द्या. दोन शाळांनी एवढे केले तरी पुष्कळ. याला सरकारी आदेश लागत नाही, दोन मुख्याध्यापकांचे मन लागते.

बसायला वेगळी खोली हवी, हे पुस्तकात असते. आपल्याकडे खोली कुठली! कडुलिंबाखाली दोन खुर्च्या टाकल्या तरी चालते. फक्त दिसेल सर्वांना आणि ऐकू कुणाला जाणार नाही, अशी जागा हवी. मुलीशी बोलताना तर हे कटाक्षाने पाळावे.

ज्यांना हे शिक्षण लगेच घेता येणार नाही, त्यांच्यासाठी दोन दूरध्वनी क्रमांक. 'टेलि-मानस' ही सरकारची मनाच्या आरोग्याची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, रात्रंदिवस आणि विनामूल्य. संकटातल्या बालकासाठी १०९८. डॉक्टरांकडे पाठवायचे झाल्यास नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. हे सारे एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून शाळेत लावा. मात्र तो कागद मुख्याध्यापकांच्या खोलीत लावू नका. पाण्याच्या टाकीजवळ लावा, जिथे मूल दोन मिनिटे उभे राहून वाचत बसले तरी कुणी विचारीत नाही.